पत्रिकेत छापलेला सूर्यास्त

दाजी पोंक्ष्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि जाहीर केलं की सूर्यास्ताला अजून पंचेचाळीस मिनिटं आहेत. ज्यांना बर्फाचा गोळा खायचा असेल त्यांनी आत्ताच खाऊन घ्यावा, ऐन वेळी कोणी उठून मध्ये आलेलं चालणार नाही.

पनामा शहराच्या जुन्या भागात समुद्राला लागून एक दगडी तट आहे. त्या तटाच्या कठड्यावर आम्ही सोळा जण ओळीनं बसलो होतो, सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. पाठीमागे बोगनवेलीचा मांडव, मांडवाखाली कापडावर कापड शिवून केलेले पक्षी आणि मासे विकायला बसलेल्या बायका, त्यांच्यामागे लाकडी गॅलऱ्यांची जुनी घरं. डावीकडे, किनाऱ्याच्या वळणापलीकडे, नव्या शहराच्या काचेच्या उंच इमारती. आणि समोर, जिथवर नजर जाईल तिथवर, पॅसिफिक महासागर.

दाजींच्या मांडीवर सहलीची छापील पत्रिका होती. एकेक स्थळ पाहून झालं की ते त्यावर पेन्सिलीनं बरोबरची खूण करत. चाळीस वर्षं खेडच्या कोर्टात वकिली केलेला माणूस. कागदावर लिहिलेलं प्रत्यक्षात उतरलं की नाही हे तपासल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. चाच्यांनी लुटल्यावर ओस पडलेलं पहिलं शहर आणि त्यातला उंच बुरूज, याला खूण झाली होती. चर्चमधल्या सोनेरी वेदीलाही खूण, बाजूला शेरा: ‘सोनं की मुलामा, चौकशी करावी.’ झाडाचं खोड कोरून केलेल्या होडीतून नदीनं वर जाऊन जंगलातलं गाव पाहिलं, त्यालाही खूण. पहिल्याच दिवशी दाजींनी हौसेनं पनामा हॅट घेतली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना कळलं की या टोप्या मुळात इक्वेडोर देशातल्या. पण टोपीचा पत्रिकेत उल्लेख नव्हता, म्हणून त्यांनी तक्रार केली नाही. टोपी मात्र त्या दिवसापासून बॅगेत गेली.

आता उरलं होतं पाचव्या दिवसाचं शेवटचं कलम. ‘पॅसिफिक महासागरात बुडणारा सूर्य. या सहलीचा मुकुटमणी.’

ते वाक्य माझं होतं. अख्खी पत्रिकाच मी लिहिली होती.

आठ वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. दापोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. गावात मला वत्सला तोडणकर म्हणून कोणी ओळखत नाही. पोस्टमनसुद्धा ‘बाई’ म्हणतो. एके दिवशी जयवंत मयेकर माझ्याकडे आला. हा माझा जुना विद्यार्थी. दहा वर्षं दुसऱ्यांच्या सहलींबरोबर फिरून त्यानं आता स्वतःचा व्यवसाय सुरू केला होता आणि त्याची परदेशची पहिली सहल होती पनामाची. चिपळूणचा ज्येष्ठ नागरिक संघ यायला तयार होता. त्यांना, तो म्हणाला, नुसतं ‘हे बघा, ते बघा’ म्हणणारा माणूस नको आहे, समजावून सांगणारं कोणीतरी हवं आहे. बाई, तुम्ही चला.

मी तोवर देशाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. पण पनामाचा कालवा मी दर वर्षी दोन तुकड्यांना शिकवला होता. अटलांटिककडून जहाज येतं, पायऱ्या चढावं तसं पाण्याच्या कुलपांतून, म्हणजे दरवाजे लावून पाणी भरलेल्या हौदांतून, वर चढतं, तळ्यातून जातं, पुन्हा पायऱ्या उतरतं आणि पश्चिमेला पॅसिफिकमध्ये बाहेर पडतं. झोपेतून उठवलं असतंत तरी सांगितलं असतं. मी बसले आणि एका दुपारी पत्रिका लिहून काढली.

दाजी संघाचे अध्यक्ष. पहिल्याच संध्याकाळी, जेवणाच्या टेबलावर, त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं जयवंतला सांगून टाकलं होतं: पुढच्या वर्षी संघ पेरूला जाणार आहे. या पत्रिकेतली प्रत्येक खूण पुरी झाली तर पेरू तुझ्याबरोबर. एक जरी राहिली तर आम्ही दुसरा माणूस बघू. जयवंत हसला होता, पण त्या रात्री त्यानं भाताला हात लावला नाही, हे मी पाहिलं.

त्यात दाजींनी तारीखही नेमकी साधली होती. त्या संध्याकाळी त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. पॅसिफिकच्या पाण्यात सूर्य अर्धा बुडालेला असताना, तो दोघांच्या मधोमध येईल असा फोटो काढायचा होता. दाजींनी त्या उकाड्यात कोट चढवला होता. कुसुमताई डाळिंबी साडी नेसून शांतपणे पदरानं वारा घेत होत्या. त्यांना विचारलं तर त्या म्हणायच्या, फोटोची कल्पना यांची. मला आपलं बसायला सावली हवी.

एकटी मुक्ता उलटी बसली होती.

मुक्ता म्हणजे पोंक्ष्यांची नात, दहा वर्षांची. शाळेतून रजा काढून आजीआजोबांबरोबर आली होती. दाजींनी बसमध्ये रोज जागा बदलण्याचा नियम केला होता, म्हणजे पुढची खिडकी सगळ्यांना मिळेल. तो नियम मोडणारी सबंध गटात ही एकच. ती रोज माझ्याच शेजारी. चार दिवस तिनं मला इतके प्रश्न विचारले की मला पुन्हा वर्गात उभं राहिल्यासारखं वाटायला लागलं. नदीचं पाणी तांबडं का? झाडावरचा तो आळशी प्राणी खाली कधी उतरतो? आपल्याकडे आत्ता किती वाजले? मी तिला सूर्यावरून दिशा ओळखायला शिकवलं होतं, सावलीवरून वेळ काढायला शिकवलं होतं आणि केळ्याचे तळलेले काप मोजून भागाकारसुद्धा करून घेतला होता.

पण त्या दिवशी दुपारपासून ती माझ्याशी बोलत नव्हती. कठड्यावर सगळ्यांच्या उलट दिशेला, घरांकडे तोंड करून, पाय हलवत बसली होती. कुसुमताईंना वाटलं, बर्फाच्या गोळ्यानं घसा धरला असेल.

वेळ जात होता. ऊन उतरलं, पिवळं झालं. माशांवर झेपावणारे मोठ्या चोचीचे पक्षी पाण्यालगत उडत होते. कोणीतरी म्हणालं, आपल्याकडे या वेळेला सूर्य कासराभरच वर असतो, इथे अजून दिसतच कसा नाही? दुसऱ्यानं सांगितलं, ढगामागे असणार. आकाशात ढग नव्हता. मग काचेच्या इमारती लाल व्हायला लागल्या, एकेक खिडकी पेटल्यासारखी, आणि सगळे खूश झाले. आता येणार, आता दिसणार. दाजींनी कोटाची बटणं लावली, कुसुमताईंना शेजारी समुद्राकडे तोंड करून उभं केलं, दोघांमध्ये हातभर अंतर ठेवलं. सूर्यासाठी.

जयवंत कॅमेरा घेऊन त्यांच्या पाठीमागे बसला होता. कॅमेऱ्यात समुद्र होता, दाजी होते, कुसुमताई होत्या, मधलं हातभर अंतर होतं.

“अहो,” कुसुमताई म्हणाल्या, “माझी पाठ का भाजते आहे?”

आधी एक मान वळली, मग दुसरी, मग सोळाच्या सोळा. सूर्य आमच्या मागे होता. एका जुन्या घराच्या कौलावर, दूरदर्शनचा अँटेना आणि कोणाची तरी वाळत घातलेली चादर यांच्या मधोमध, मोठा, केशरी, अगदी निवांत बसला होता. आम्ही बघत असतानाच तो कौलांमागे सरकला, त्याच्यामागच्या टेकडीआड गेला आणि दिसेनासा झाला.

यामिलेथ नावाची आमची तिथली वाटाड्या बाई बाजूला उभी होती. जयवंतनं तिला घाईघाईनं इंग्रजीत काहीतरी विचारलं. तिनं खांदे उडवले. नंतर कळलं ते असं: हा गट रोज एवढ्या शिस्तीनं सगळं करतो, तेव्हा सूर्याकडे पाठ करून त्याला निरोप द्यायची आमच्याकडे काही रीत असेल, असं तिला वाटलं होतं, आणि दुसऱ्यांच्या रीतीभातींत ती तोंड घालत नाही.

आता तुम्ही म्हणाल, सोळा म्हाताऱ्या माणसांत एकाच्याही मनात शंका येऊ नये? नाही आली. आम्ही सगळे कोकणातले. दापोलीत, गुहागरात, हर्णैला, जिथे म्हणाल तिथे, आमच्या जन्मापासून सूर्य डोंगरातून वर येतो आणि समुद्रात जातो. समुद्र आणि पश्चिम ही आमच्या मनात एकाच गोष्टीची दोन नावं आहेत. जगातल्या कुठल्याही समुद्रासमोर आम्हाला बसवा, आम्ही संध्याकाळची वाट बघू.

दाजींनी पत्रिका उलगडली. पेन्सिल हातात होती, पण त्यांनी ती खिशात ठेवली. इतके दिवस ते जयवंतला ‘जयवंता’ म्हणत होते.

“मयेकर,” ते म्हणाले, “हे काय आहे?”

जयवंत उठून उभा राहिला. कॅमेऱ्याचा पट्टा त्यानं मनगटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मला वाटलं तो माझ्याकडे बघेल. त्यानं बघितलं नाही.

“माझी चूक झाली, दाजीकाका,” तो म्हणाला. “बाईंनी बरोबर लिहून दिलं होतं. पत्रिका छापायला देताना मीच बदललं. सूर्योदय म्हटलं की लोक पहाटे उठायला कुरकुर करतात, म्हणून मी सूर्यास्त केलं.”

दाजींनी मान हलवली. वकील असले तरी त्यांना हे पटलं, कारण यात काही अशक्य नव्हतं. सहलवाले असं करतात. ओळीतून कोणीतरी हळूच म्हणालं की तरीच, बाईंकडून असं कसं होईल. दोघीतिघी माझ्याकडे बघून सहानुभूतीनं हसल्या. मी गप्प बसले असते तर एवढ्यावर ते मिटलं असतं. माझा भूगोल शाबूत राहिला असता आणि जयवंतचं पेरू गेलं असतं.

तेव्हा मुक्ता वळली. दुपारपासून पहिल्यांदा तिनं माझ्याकडे तोंड केलं. ती जयवंतकडे बघत नव्हती, आजोबांकडेही नाही. वर्गात उत्तर माहीत असलेलं मूल हात वर न करता नुसतं बाईंकडे बघत बसतं, तसं बघत होती.

मी उभी राहिले. उभं राहिल्याशिवाय मला बोलता येत नाही, ही जुनी सवय.

“दाजी, तो खोटं बोलतो आहे. ते वाक्य मी लिहिलं. काना-मात्रा न बदलता त्यानं छापलं.”

जयवंत पुटपुटला, “बाई, राहू द्या ना.”

“तू बस,” मी म्हटलं आणि तो खरोखरच बसला. अडतीस वर्षांचा माणूस.

मग मी सांगितलं. कालवा पश्चिमेला जातो असं मी एकतीस वर्षं शिकवलं आणि तो पश्चिमेला जात नाही. नकाशात उत्तर अमेरिका वर, दक्षिण अमेरिका खाली, मधली चिंचोळी पट्टी उभी असणार हे मी गृहीत धरलं. आमच्या शाळेच्या कापडी नकाशाची घडी नेमकी पनामावरच पडायची. तिथला रंग उडाला होता, देश असा दिसायचाच नाही...

“नकाशावर ढकलू नका,” दाजी म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. राग नव्हता त्यात. कितीतरी वर्षांनी कोर्टात उभं राहायला मिळाल्यासारखा तो आवाज होता. “चूक झाली, मान्य. तुमची चूक तुमच्या लक्षात केव्हा आली?”

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. उत्तर सोपं होतं. आत्ता, तुमच्याबरोबरच, पाठ भाजली तेव्हा. सगळ्यांची तीच गत झाली होती, कोणालाही ते खोटं वाटलं नसतं. एक सोडून.

“दुपारी,” मी म्हटलं. “अडीच वाजता.”

दाजींनी चष्मा काढला.

दुपारी आम्ही कालव्याच्या कुलपांवर होतो. गच्चीवर उभं राहून खाली बघायचं: सिमेंटच्या दोन भिंतींमध्ये घट्ट बसवल्यासारखं एक प्रचंड मालवाहू जहाज, दोन्ही बाजूंनी रुळांवरून त्याला धरून चालणारी छोटी इंजिनं, आणि डोळ्यांदेखत पाणी उतरतं तसं ते जहाज भिंतीआड खाली खाली जातं. पुढचे लोखंडी दरवाजे उघडले की ते पॅसिफिककडे निघतं. मी मोठ्या आवाजात सगळं समजावून सांगत होते. मुक्ता माझ्या पुढ्यात उभी होती. तिनं डोळ्यांवर हात धरला होता, कारण ऊन सरळ तोंडावर येत होतं.

तिनं मला विचारलं, बाई, दुपारनंतर सूर्याकडे तोंड केलं की समोर पश्चिम, असंच ना? मी म्हटलं, असंच. मग ती म्हणाली, सूर्य आपल्या समोर आहे. पण जहाज तर डावीकडे चाललंय. डावीकडे दक्षिण ना?

मी सूर्याकडे बघितलं. जहाजाकडे बघितलं. एका क्षणात तो सबंध देश माझ्या डोक्यात फिरला आणि आडवा झाला. जहाज डावीकडे, दक्षिणेला, उलट थोडं पूर्वेलाच चाललं होतं. पॅसिफिक पश्चिमेला नव्हताच, तिकडे होता. आणि तीन तासांनी मी लग्नाला पन्नास वर्षं झालेल्या या जोडप्याला त्या समुद्रासमोर सूर्यास्त दाखवायला नेणार होते. जयवंत दहा पावलांवर उभा होता. त्याच्या कानात दोन शब्द सांगितले असते तर त्यानं संध्याकाळ बदलली असती, काहीतरी निभावून नेलं असतं.

मी मुक्ताला म्हटलं, “नंतर बघू.”

एकतीस वर्षांत मी कुठल्याही मुलाला हे उत्तर दिलं नव्हतं. माहीत नसलं तर माहीत नाही म्हणायचे, पुस्तक काढायचे, दोघं मिळून शोधायचो. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्या मास्तरांची मी शिक्षकांच्या खोलीत टिंगल केली होती. मुक्ता एकदा माझ्याकडे, एकदा जहाजाकडे बघत राहिली. तिला उत्तर मिळालं होतं. मग ती आजीजवळ जाऊन उभी राहिली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

हे सगळं मी तटावर उभी राहून सांगितलं, कोणाकडेही न बघता.

“का नाही सांगितलंत?” दाजींनी विचारलं.

“वाटलं, कदाचित ढग येतील.”

कुसुमताई हसल्या. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. त्यांचं हसू थांबेना, तसं ते ओळीत पसरत गेलं. कोणीतरी म्हणालं, बाईंनी ढगांची प्रार्थना केली, पण ढगसुद्धा पूर्वेकडून आले असते. माझे कान तापले होते. मला इतकी वर्षं कोणी हसलं नव्हतं. मी एकदम जुन्या वर्गात, पण शेवटच्या बाकावर जाऊन बसल्यासारखी झाले.

दाजी मात्र हसले नाहीत. ते पत्रिकेकडे बघत म्हणाले की प्रश्न अजून शिल्लक आहे, मुकुटमणी राहिला तो राहिलाच. त्यावर कुसुमताईंनी डोळे पुसले.

“आपलं लग्न सकाळी सात चौतीसच्या मुहूर्तावर लागलं,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला आठवत नाही, कारण तुम्ही अंतरपाटामागे जांभया देत होतात. संध्याकाळचा सूर्य तुम्ही कुठून काढलात? सकाळी या. मी काही रुसले नाही.”

दाजींनी आधी बायकोकडे, मग समुद्राकडे पाहिलं. मग यामिलेथला जयवंतकडून विचारून घेतलं की उद्या सूर्य नक्की इथूनच, पाण्यातून वर येणार ना. ती म्हणाली, रोज येतो. दाजींनी ते लिहून घेतलं.

बसकडे परतताना जयवंत माझी पिशवी घेऊन बरोबर चालत होता. मी त्याला विचारलं, खोटं बोलायला तुला सांगितलं कोणी? तो म्हणाला, पेरू गेलं असतं तर दुसरा एखादा गट मिळाला असता, बाई. पण तुम्हाला त्या सगळ्यांसमोर... आणि तिथेच थांबला. मी त्याला म्हटलं की तुझा नकाशा आठवीत वाईट होता, पण खोटं त्याहून वाईट आहे. सूर्योदयाला लोक कुरकुर करतात, हे तुला आयत्या वेळी सुचलं कसं? त्यानं ओशाळून सांगितलं, खरंच करतात बाई.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला आम्ही पुन्हा त्याच तटावर होतो. एकानंही कुरकुर केली नाही. दोघांनी केली, पण ते आलेच नाहीत. दाजींच्या अंगावर तोच कोट, कुसुमताईंची तीच साडी. समुद्र राखी रंगाचा होता. सगळ्यांची तोंडं कालच्याच दिशेला, फक्त या वेळी अधूनमधून कोणीतरी खात्री करून घ्यायला मागे वळून बघत होतं.

दाजी माझ्याजवळ आले. पत्रिकेतलं ‘बुडणारा’ त्यांनी खोडलं होतं, वर ‘उगवणारा’ लिहिलं होतं, आणि समासात ‘दुरुस्ती मान्य’ असं लिहून खाली माझ्या सहीसाठी रेघ मारली होती. मी सही केली. मग त्यांनी जयवंतला बोलावून सांगितलं की खोट्या साक्षीबद्दल त्याला शिक्षा व्हायलाच हवी. पेरूची पत्रिका छापण्याआधी ती मुक्तानं तपासायची, तिची सही झाल्याशिवाय संघ घराबाहेर पाऊल टाकणार नाही. जयवंतला हे नीट कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर तो कॅमेऱ्याशी उगीचच खूप वेळ खटपट करत राहिला.

मग सूर्य वर आला. पाण्याच्या रेघेवर आधी एक तांबूस नखाएवढी कोर, मग झपाझप वर. आमच्यातल्या कोणीही, सत्तरी-पंचाहत्तरीच्या त्या माणसांतल्या एकानंही, आयुष्यात समुद्रातून सूर्य वर येताना पाहिला नव्हता. दाजी फोटोसाठी हातभर अंतर ठेवायचं विसरले. फोटोत ते आणि कुसुमताई एकमेकांना चिकटून उभे आहेत आणि सूर्य दाजींच्या कानामागून निघाल्यासारखा दिसतो.

मी कठड्याच्या टोकाला बसले होते. थोड्या वेळानं मुक्ता आली आणि शेजारी बसली. काही विचारायचं असलं की ती आधी पाय हलवायची थांबते.

“बाई, पनामा आडवा झोपलाय ना? म्हणून समुद्र खाली आला?”

मी सांगितलं, हो. अगदी तसंच.

“आणि तुम्ही सगळ्यांना उभा शिकवलात.”

“हो.”

ती विचार करत होती. एक होडी उजेडातून काळी होऊन गेली.

“अजून काय काय चुकीचं शिकवलंत?”

“मला माहीत असतं,” मी म्हटलं, “तर सांगितलं नसतं का?”

मुक्तानं माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं. पुढे काय होतं ते बघायला मुलं थांबतात, तशी ती थांबली होती.

“काल नव्हतं सांगितलंत,” ती म्हणाली.

मी थोडी बाजूला सरकले, तिला कठड्यावर नीट बसता येईल इतकी जागा केली आणि म्हटलं, “विचार. एकेक करून विचार. आज ‘नंतर बघू’ नाही.”